बिस्किटाचं काय करायचं?

तो जूनमध्ये आला आणि दिवाळी तोंडावर आली तरी वर्गात बोलला नाही. साडेतीन वर्षांचा पोरगा, डोक्याला चपचपीत तेल, मुठीत कायम एक रिकामी काडेपेटी. हजेरीला नाव पुकारलं की माझ्याकडे बघायचा, तेवढंच. आजी सांगायची, "घरात लई बोलतंय ओ बाई, हितं आलं की दातखीळ बसतीया." तिचं खरं असणार. घरी चुरुचुरु बोलणारी आणि शाळेत मिटून जाणारी मुलं मी बरीच बघितली होती. त्यांना खोदून खोदून विचारलं की ती आणखी मिटतात, एवढं तोवर मला कळलेलं होतं.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात, देवळामागच्या खोलीत मी एकोणीस वर्षं बालवाडी चालवली. दोन खिडक्या, एक पत्र्याचं कपाट, भिंतीला रंगवलेलं आणि अर्धं उडालेलं एक झाड, आणि मदतीला एक मावशी. पावसाळ्यात खोलीला ओल यायची आणि मुलांच्या चड्ड्यांना पोपडे चिकटायचे. पण ते असो.

त्या सकाळी खाऊला पोहे होते. बाहेर ऊन पडलं होतं आणि मला मुलांना अंगणात न्यायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "चला, पोहेबिहे संपवा पटापट." हे मी काही शिकवायचं म्हणून बोलले नव्हते. असं तर आपण सगळेच दिवसभर बोलतो. त्यानं घास तसाच गालात धरून माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू, जणू काडेपेटीला सांगतोय असं, म्हणाला, "बिहे."

शाळेतला त्याचा पहिला शब्द. खरं तर तो शब्दसुद्धा नव्हता.

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि थोड्या वेळानं पाटी उचलून सहज म्हटलं, "पाटी..." आणि थांबले. तो म्हणाला, "बिटी." खिडकीकडे बोट केलं. "बिडकी." दप्तराचं "बिप्तर" झालं, चटईची "बिटई" झाली. मावशी हातातला झारा तसाच धरून दारात उभी. दुपारी वडील मोटरसायकल घेऊन न्यायला आले, तर हा लांबूनच ओरडला, "गाडी! बिडी!" वडिलांनी चपापून खिशावर हात ठेवला.

रात्री घरी त्या 'बिहे'चा विचार करत बसले. चहाबिहा, जेवणबिवण, भांडीबिंडी, पुस्तकबिस्तक. आपण जे करतो ते किती अवघड आहे बघा. शब्दाचा पहिला तुकडा नेमका तोडायचा, बाकीचा शब्द जसाच्या तसा हातात धरून ठेवायचा, आणि तोडलेल्या जागी 'बि' बसवायचा. भांडीतला अनुस्वारसुद्धा सांडू द्यायचा नाही. साडेतीन वर्षांच्या पोराला हे कुणी शिकवलेलं नसतं. त्याला 'अक्षर' हा शब्दही माहीत नसतो. पण शब्द हा तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे काढता-घालता येतात, हे त्याच्या कानाला कळलेलं असतं. प्रशिक्षणात आम्हाला यासाठी 'ध्वनिजाणीव' असा भारदस्त शब्द दिला होता. वहीत मी तो अधोरेखित केला होता. त्याचा अर्थ मात्र मला पोह्यांनी सांगितला.

इथे एक कबुली द्यायला हवी. पहिली सहा-सात वर्षं मी गाणी 'शिकवत' होते. बालवाडी म्हटलं की बडबडगीतं आलीच. माझ्याकडे चाळीसेक गाण्यांची वही होती आणि वर्षअखेर ती सगळी पाठ झाली पाहिजेत असा माझा खाक्या होता. 'चांद' म्हटलं की सगळे हात एकदम वर, 'बाळ' म्हटलं की सगळे हात पाळण्यासारखे. एखाद्यानं चांदाला पाळणा केला की मी त्याचा हात धरून वर करायची. स्नेहसंमेलनात पालक टाळ्या वाजवायचे, मोबाइलवर चित्रण करायचे, आणि मी खूश.

त्या वर्षांतली एक मुलगी मला अजून टोचते. ती गाण्यात कधी सूर धरायची नाही. सगळी ओळ गप्प आणि शेवटचा शब्द तेवढा मोठ्यानं. सगळे गात असायचे आणि ओळ संपता संपता हिचा आवाज यायचा, 'पैसा!' मग पुन्हा शांतता, मग 'मोठा!' मी प्रगतिपत्रकावर लिहिलं, 'गाणी म्हणण्यात मागे आहे.' पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं, की ती अख्ख्या गाण्यातून यमकं तेवढी वेचून घेत होती. तांदळातून खडे वेचावे तशी नाही, शेंगांतून दाणे काढावे तशी. बाकीची एकवीस मुलं माझ्यामागून ओळ ओढत होती आणि ऐकत होती ती एकटी. तिचं आता लग्न झालंय म्हणे. ते प्रगतिपत्रक तिच्या आईनं जपून ठेवलेलं नसावं, एवढीच आशा.

पुढे एका शिबिरात ऑक्सफर्डच्या अभ्यासाबद्दल ऐकलं, मग मिळेल ते वाचलं. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षांची, अजून वाचायला न लागलेली चारशेच्या आसपास मुलं त्यांनी घेतली. मुलांना तीन-चार शब्द ऐकवायचे आणि त्यातला आवाजानं वेगळा कोणता ते विचारायचं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर 'मासा, ससा, पैसा, घोडा'. मग चारएक वर्षं त्या मुलांच्या मागावर राहायचं. ज्यांचा कान आधी तयार होता ती वाचनात आणि शुद्धलेखनात पुढे गेलेली दिसली. काही मुलांना मुद्दाम आवाजांचे खेळ खेळायला दिले होते. त्यांच्यातही, खेळासोबत ज्यांना प्लास्टिकची अक्षरं हाताळायला मिळाली, ती सगळ्यांत पुढे. १९८९ मध्ये ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक अभ्यास मांडला. त्यात ६४ मुलं होती, सव्वातीन-साडेतीन वर्षांपासून सव्वासहापर्यंतची. सुरुवातीला ज्याला बडबडगीतं जास्त येत होती तो पुढे वाचनात सरस ठरला, आणि घरची परिस्थिती नि बुद्ध्यांक यांचा हिशेब वजा केला तरी तो धागा तुटला नाही.

वाचून मला माझ्या त्या मुलीची आठवण आली. आणि हेही वाटलं, की ही सगळी इंग्रजी मुलं. त्यांची लिपी वेगळी, त्यांची गाणी वेगळी. आपल्या अक्षरांचं गणित काही तसंच्या तसं नाही. कन्नड शाळांमधल्या मुलांवर संशोधक सोनाली नाग यांनी काम केलंय. कन्नड लिपी आपल्यासारखीच, अक्षराला काना-मात्रा जोडणारी. त्यांना दिसलं की अशा लिपीत मुलांना शब्दाचे मोठे तुकडे लवकर कळतात. पण तुकड्याच्या आतला एकेक आवाज, म्हणजे 'की'मधला क् वेगळा आणि ई वेगळी, हे कळायला बराच वेळ लागतो, आणि सगळी अक्षरं हाताखाली यायला चौथी उजाडते. हे वाचलं तेव्हा मी मान डोलावली. आमच्याकडे पहिलीतलं पोर बाराखडी घडाघडा म्हणतं, तालासुरात म्हणतं, आणि 'मामीचा मी कुठला?' म्हटलं की छताकडे बघतं. त्याच्या लेखी 'ककाकिकीकुकू' हा एकच लांबलचक शब्द असतो, एखाद्या आगगाडीच्या नावासारखा. बरं, 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि बोलताना तिचा आवाज नंतर येतो, हेही त्यानं बिनतक्रार मान्य करायचं.

आता टाळ्यांची गोष्ट. शब्द मोडायचा सोपा खेळ म्हणून मी मुलांना नावांवर टाळ्या वाजवायला लावायची. आई दोन, बाबा दोन, बाहुली तीन. सगळं सुरळीत. एक दिवस मी घराचं चित्र दाखवलं आणि स्वतःच वाजवल्या, घ-र, दोन. समोरची मुलगी म्हणाली, "एकच की ओ." मी पुन्हा वाजवल्या. तिनं पुन्हा एक वाजवली आणि म्हणाली, "घर्." तोंडात तुकडा तोडल्यासारखं. मग कमळ. मी तीन वाजवल्या, तिनं दोन, क-मळ्. मी जरा चिडलेच. फळ्यावर घ आणि र सुटे काढून दाखवले. तिला अक्षरं येत नव्हती, त्यामुळे तिच्यावर त्या पुराव्याचा काही परिणाम झाला नाही.

आणि बरोबर तीच होती. बोलताना आपण शेवटचा अ गिळतो. घर, देव, पाऊस, ऊस. लिहिताना दोन अक्षरं दिसतात म्हणून मला दोन ठोके ऐकू येत होते. खरं म्हणजे माझे कान कधीच डोळ्यांच्या ताब्यात गेले होते. तिचे अजून मोकळे होते.

पण गोष्ट इथे संपली नाही. भाद्रपद आला. देवळातला गणपती आमच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे रोज सकाळी आमची फौज आरतीला. एका आरतीत ही मुलगी टाळ्या वाजवता वाजवता थबकली. 'जय देव जय देव' चाललं होतं. गाताना आपण 'देव्' म्हणत नाही. 'देवऽ' म्हणतो, वचा अ चांगला मोकळा सोडतो. तिनं माझा पदर ओढला आणि दोन बोटं दाखवली. बोलण्यातला देव एका ठोक्याचा आणि आरतीतला दोन. बोलताना गिळलेला अ गाण्यात परत येतो! ओवीत येतो, पाळण्यात येतो, भजनात येतो. म्हणजे मुलाला पुढे 'देव' दोन अक्षरांत लिहायला सांगतात तेव्हा ते दुसरं अक्षर त्यानं कुठेतरी आधी ऐकलेलं असतं, आणि ते त्यानं ऐकलेलं असतं ते गाण्यातच. भाषेच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं असेलही. मला ते टाळ-झांजांच्या गदारोळात एका साडेचार वर्षांच्या बाईनं दाखवलं.

तेव्हापासून माझा गाण्याकडे बघायचा नूर बदलला. गाणं पाठ झालं की काम झालं असं मी मानायची. आता वाटायला लागलं की पाठ झालं की मग ते मोडायला घ्यायचं. बडबडगीत हे लाडवासारखं असतं, फोडल्याशिवाय खाता येत नाही. ओळ म्हणायची आणि शेवटच्या शब्दाच्या अलीकडे गप्प बसायचं. मुलं तो शब्द घालतात. मग चुकीचा घालायचा. मुलं ओरडून दुरुस्त करतात. मग त्यांनी चुकीचा घालायचा आणि मी ओरडायचं. यातला थांबण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कठीण, कारण बाईंना थांबता येत नाही. मोबाइललाही येत नाही. हल्ली घरोघर पोरं मोबाइलवर गाणी बघतात. रंगीत ससे नाचतात, चाल गोड असते, माझी त्याबद्दल फार तक्रार नाही. पण ते गाणं मुलासाठी थांबत नाही. मूल 'खोटा'च्या जागी 'गोटा' म्हणालं तर ससा हसत नाही.

या थांबण्यातूनच ते पावसाचं झालं.

'ये रे ये रे पावसा' हे आमच्याकडचं हुकमी गाणं. पावसाला लाच द्यायची आणि ती लाच खोटी निघाली म्हणून पाऊस मोठा यायचा. या व्यवहाराचा अर्थ मला अजून लागलेला नाही. इंग्रजी शाळेतल्या मुलांना पावसाला 'जा' म्हणायला शिकवतात आणि आपण 'ये' म्हणतो, यावर मी इतरांसारखीच वर्षानुवर्षं पालकसभेत टाळ्या घेतल्या होत्या. मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीत आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी चढत चढत ५७ फुटांवर गेलं. आमच्या खोलीत पत्र्याच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत पाणी होतं. गाण्यांची वही गेली, एका अर्थी बरंच झालं. शाळा पुन्हा भरली तेव्हा भिंतीला गाळाची रेघ होती, आणि मुलं आत आल्याबरोबर त्या रेघेला पाठ लावून कोण किती बुडालं असतं ते मोजत होती.

बाहेर पुन्हा भुरभुर लागली. मी सवयीनं सुरू केलं, "ये रे ये रे..." आणि थांबले. कुणी शब्द घातला नाही. मग एक जण म्हणाला, "नको." दुसरा म्हणाला, "जा रे जा रे म्हणा." मी म्हटलं, बरं. "जा रे जा रे पावसा, तुला देतो..." पुन्हा थांबले. पैसा नको असं ठरलं, कारण पैसा दिला की तो येतो. एकानं 'मासा' दिला. त्याच्या स्वयंपाकघरात पाणी ओसरल्यावर खरंच मासे सापडले होते. मग ते पुढे सरकत गेलं:

जा रे जा रे पावसा
तुला देतो मासा
मासा शिरला घरात
बाई बसल्या दारात

शेवटची ओळ कुणी जोडली ते कळलं नाही, पण ती खरी होती. पुराच्या दुसऱ्या दिवशी मी उंच जोत्याच्या एका घराच्या दारात बोटीची वाट बघत बसले होते आणि ते यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलं होतं. ते गाणं आम्ही दोन महिने म्हटलं. घरात-दारात, पावसा-मासा. त्या दोन महिन्यांत जी मुलं पुराबद्दल एक शब्द काढत नव्हती, ती या चार ओळींच्या आडून हळूहळू बोलायला लागली. म्हैस कशी नेली, आजोबा कसे हटून बसले, भाकरी कुठून आल्या. एकेका मुलानं त्या पावसात इतकी लांब वाक्यं केली की मला वाटलं, यांच्याकडून एरवी 'माझं घर' या विषयावर पाच ओळी काढताना माझा घाम निघतो!

दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला आणि बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. दरवर्षी येतात. ओढ्यापलीकडच्या माळावर कोप्या उभ्या राहतात, आईबाप पहाटे फडात जातात आणि मुलं तिथेच राहतात किंवा आमच्याकडे येतात. त्या वर्षी एक मुलगी आली. पाच वर्षांची असेल, कडेवर भाऊ. भावाला वर्गाच्या कोपऱ्यात झोपवायची आणि पुढे येऊन बसायची. आमचं पावसाचं गाणं ऐकलं आणि तिचा चेहरा असा झाला की जणू आम्ही देवाला शिव्या देतोय.

"पावसाला जा म्हणता? कामून?"

आमची मुलं हसली. तिच्या म्हणण्यावर नाही, 'कामून'वर. पुढे आठवडाभर सगळ्या वर्गाला कामूनची बाधा झाली. पाणी कामून, शी कामून, बाई कामून. ती सुरुवातीला बुजली, मग तिच्या लक्षात आलं की आपल्याकडचा शब्द इथे खपतोय. मग तिनं धोंडी आणली. तिच्या गावात पाऊस ओढ देतो तेव्हा एका पोराच्या अंगाला कडुनिंबाचा पाला बांधतात, त्याला दारोदार फिरवतात, बायका त्याच्यावर पाणी ओततात, आणि सगळे ओरडतात, 'धोंडी धोंडी पाणी दे.' तिनं ते म्हणून दाखवलं. चाल वेगळीच, मागणी करणारी, पाय आपटत म्हणायची. आमच्या पोरांनी लगेच पाय आपटले.

एकाच खोलीत, गाळाच्या रेघेखाली बसून, अर्धी मुलं पावसाला जा म्हणत होती आणि एक मुलगी ये म्हणत होती. तिला मी कुठलं गाणं शिकवायला हवं होतं? तिच्याकडे शब्द होते, आमच्याकडे नसलेले. तिच्या धोंडीवरही आम्ही तेच खेळ केले, धोंडी-कोंडी-तोंडी, आणि या खेळात ती सगळ्यांत पुढे होती, कारण गाणं तिचं होतं. मार्चमध्ये सगळंच बंद झालं. ती कधी गेली ते मला समजलंही नाही.

बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांची आठवण मला तेव्हा पुष्कळ यायची. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई १९४५ मध्ये मुंबई सोडून बोर्डीला गेल्या, आणि १९५७ मध्ये तिथून कोसबादच्या टेकडीवर. सोबत अनुताई वाघ. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. आज आपण अंगणवाडी हा शब्द रेशनकार्डाइतक्या सहज वापरतो आणि त्यातलं अंगण विसरतो. माझ्या खोलीत भिंत होती, ओल होती, अंगण जेमतेम. पण निदान गाणी तरी मुलांच्या अंगणातली असावीत, एवढं माझ्या हातात होतं.

बोबड्या बोलांबद्दल आया फार विचारायच्या. "बाई, ळ येत नाही, गुळाला गूय म्हणतो." बऱ्याच मुलांचा ळ उशिरा येतो, त्याचा घोर लागावा असं त्यात सहसा काही नसतं. पण घरी मुलाला समोर बसवून 'ळ म्हण, ळ म्हण' चाललेलं असतं. आता ळनं सुरू होणारा एक मराठी शब्द सांगा! नाहीच. ळ हा कायम कुणाच्या तरी पाठीला टेकून येतो. मग त्याला एकट्याला उभं करून कसं चालेल? मी आयांना म्हणायची, खुळखुळा वाजवा. खुळखुळा या शब्दातच ळ दोनदा वाजतो. नुसतं 'अडगुलं मडगुलं' घ्या. अर्थ विचाराल तर कडगुल्याच्या पुढे मला सांगता येणार नाही, पण ड वरून ल वर आणि पुढे वाळ्याच्या ळ वर जीभ अशी फिरते, की पैलवानानं मातीत कोलांट्या घ्याव्यात. सहा महिन्यांच्या बाळाला तीट लावताना आजी ती तालीम सुरू करून देते. तिला कुणी ध्वनिजाणिवेचं प्रमाणपत्र दिलेलं नसतं.

चचंही तसंच. चमचा आणि चिमणी, लिहायला च एकच, पण जीभ दोन ठिकाणी टेकते. माझा म्हणताना एक झ, माझी म्हणताना दुसरा. हे पोरं न शिकवता बिनचूक करतात. परगावची, हिंदी बोलणाऱ्या घरातली एक मुलगी होती, ती 'माझा' म्हणताना 'माझी'तला झ वापरायची. तिला कुणी दुरुस्त केलं नाही. 'माझा-तुझा-माझा-तुझा' म्हणत दोरी ओढायचा खेळ होता, त्यात दोन-तीन आठवड्यांत जमलं.

माझा स्वतःचा सगळ्यात आवडता खेळ मात्र डोळे मिटून बसायचा. मुलं डोळे मिटायची आणि मी वस्तू पाडायची. स्टीलचं ताट, ठण्ण. प्लास्टिकचा डबा, टप्प. देव्हाऱ्यातली घंटा किणकिण आणि देवळातली घणघण. मुलं सांगायची, लहान घंटेला क मिळतो, मोठीला घ. ही वाटणी कुणी केली? कृष्णेचं पाणी झुळझुळ कधी आणि खळखळ कधी, यावर एकदा मारामारीपर्यंत पाळी आली. आमटी मात्र खदखद, यावर एकमत. फडात वारा शिरला की सळसळ, आणि वाळलेल्या पाचटात पाय पडला की चुरचुर. एक पोरगा म्हणाला, "चुरचुर नव्हं, कुरकुर." आम्ही सगळे उठून पाचटावर चालून आलो. तो म्हणाला ते निम्मं खरं होतं, वाळकं असलं की कुरकुर आणि दवानं मऊ झालं असलं की चुरचुर. एका आवाजाच्या फरकासाठी अख्खा वर्ग बांधावर गेला होता, हे कुठल्या अहवालात लिहायचं ते मला कळलं नाही, म्हणून 'परिसर भेट' असं लिहिलं.

लहानपणी आम्ही 'च'ची भाषा बोलायचो. पाण्याला 'चणीपा', कुठेला 'चठेकु'. शब्दाचं डोकं उचलून शेपटीला लावायचं आणि पुढे च. मोठ्यांना कळू नये म्हणून होती ती, आणि मोठ्यांना सगळं कळायचं. आता वाटतं, आम्हाला वाचायला शिकवलं ते पहिलीच्या बाईंनी की या भाषेनं, सांगणं कठीण आहे.

त्या पोह्यांच्या पोराकडे परत येते. बिहेनंतर त्याचं तोंड उघडलं ते उघडलंच. वर्ष संपता संपता त्याला गप्प बसवायला मावशी लागायची. पुढच्या मे महिन्यात, सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी, खाऊला बिस्किटं होती. सगळ्यांना दोन-दोन वाटून झाली. हा आपली बिस्किटं हातात धरून बसून राहिला. मी म्हटलं, "खा की."

"बाई, बिस्किटाचं काय करायचं?"

"खायचं."

"तसं नव्हं. पोहे बिहे, पाटी बिटी. बिस्किट...?" आणि थांबला. अगदी माझ्यासारखा थांबला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बिस्किट-बिस्किट म्हटलं तर ती दोन बिस्किटं होतात. वर्गात चर्चा सुरू झाली. एकजण म्हणाला, "फिस्किट." ते काही जणांना पटलं. काडेपेटीवाला म्हणाला, फ चालत नाही, बि-च पाहिजे. एक मुलगी म्हणाली, मग बिस्किटाला पारले म्हणा, पारले-बिरले. हे कायद्यात बसत होतं, पण ती पळवाट आहे असं बहुतेकांचं मत पडलं. कुणीतरी "टिस्किट" सुचवलं आणि त्यावर सगळे इतके हसले की मावशी बघायला आली. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "आमी बिस्किटबिस्किट काय म्हनत न्हाई. आमी म्हनतो, बटरबिटर."

निकाल लागला नाही. चहात बुडवून धरलेलं एकाचं बिस्किट तोवर गळून ग्लासात पडलं होतं, आणि तो चमच्यानं ते शोधत होता.